ट्रेमध्ये उरलेला स्विच

गाडी जाऊन अर्धा तास झाला होता आणि स्विच माझ्या टेबलावर होता.

अंगठ्याएवढा काळा स्विच, त्याला दोन वायरी. सांगलीहून कागदाच्या पुडीत आला होता, तसाच नटबोल्टच्या ट्रेमध्ये पडून राहिलेला. पुडी सोडली तसा मी ताडकन उठलो.

"शौकत!" मी ओरडलो. "संपतच्या गाडीचा क्लच स्विच हितं कसा?"

शौकत माझा वायरमन. पंधरा वर्षं माझ्याकडं आहे. भाचीच्या लग्नाला मिरजेला गेला होता, तीन दिवसांनी त्याच दुपारी परतलेला. त्यानं स्विच उलटासुलटा करून बघितला.

"मग गाडी स्टार्ट कशी झाली मेजर?"

"मी वायरी डायरेक्ट केल्या होत्या. टेस्टिंगपुरत्या."

"आन् काढल्या न्हाईत?"

"काढल्या असत्या तर तुला कशाला विचारलं असतं!"

चूक माझी आणि आवाज त्याच्यावर. हा माझा जुना रोग आहे.

संपतला फोन लावला. नेटवर्कच्या बाहेर. परत लावला. तेच. मेढा सोडून केळघर घाटाकडं गाडी वळली की रेंज कुठं येते, कुठं जाते, काही भरवसा नाही.

"आवं, बसा जरा," शौकत म्हणाला. "गाडी चालू करताना माणूस क्लच दाबतोच की. सवय असती."

"तो बसून चालू करत न्हाई रं! तो खिडकीतनं चालू करतो!"

शौकतला ते माहीत नव्हतं. मला माहीत होतं. म्हणूनच मी मोटारसायकलची किल्ली शोधत होतो, आणि ती माझ्या खिशातच होती.

आता जरा मागचं सांगतो, नाहीतर तुम्हाला वाटेल एका स्विचसाठी म्हातारा एवढा का पेटलाय.

मी फौजेत गाड्यांचा मेकॅनिक होतो. हवालदार म्हणून रिटायर झालो. पण आमच्या साताऱ्यात फौजेतनं आलेला प्रत्येक माणूस मेजर असतो, त्याला आपला इलाज नाही. संपत हा महाबळेश्वरचा टॅक्सीवाला. पाहुण्यांना पॉइंट दाखवतो. तीन वर्षांपूर्वी त्यानं पुण्याहून जुनी ऑटोमॅटिक गाडी घेतली. घाटात गिअर बदलायची कटकट नाही म्हणून खुशीत होता. यंदा ऐन उन्हाळी सीझनच्या तोंडावर त्या गाडीचा गिअरबॉक्स गेला. ॲक्सिलरेटर दाबला की इंजिन बोंबलायचं, गाडी जागची हलायची नाही.

ऑटोमॅटिकमध्ये इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये तेलानं भरलेला एक गोल डबा असतो. त्याला टॉर्क कन्व्हर्टर म्हणतात. इंजिन त्या तेलाला घुसळतं आणि तेल गिअरबॉक्सला फिरवतं. संपतच्या गाडीतलं तेल काळं ठिक्कर पडलेलं, जळका वास मारत होतं. नवा गिअरबॉक्स घ्यायचा तर गाडीपेक्षा त्याचीच किंमत जास्त.

"मेजर, मॅन्युअल करून द्या," संपत म्हणाला. "सीझन गेला तर वरीसभर काय खाऊ?"

हे काम कुणी हौसेनं करत नाही. गाडीत एवढा बदल करायचा तर आरटीओची परवानगी लागते. ती आण, मगच पान्याला हात लावतो, असं मी सांगितलं. पठ्ठ्यानं हेलपाटे मारून आणली. मग मला नाही म्हणायला तोंड राहिलं नाही.

पार्टसाठी सांगली गाठली. तिथं नेमूअण्णांचं जुन्या पार्टचं दुकान आहे. जैन माणूस, दिवस मावळायच्या आत जेवणार आणि शब्दाला पक्का. त्यांच्याकडं त्याच मॉडेलची एक मॅन्युअल गाडी मागून ठोकलेली पडली होती. पुढचा भाग जसाच्या तसा.

"सगळं ह्या एकाच गाडीचं न्या," अण्णा म्हणाले. "गिअरबॉक्स, फ्लायव्हील, क्लच, पेडल, केबल, ॲक्सल, वरचा कॉम्प्युटरसुद्धा. हितलं थोडं, तितलं थोडं केलं की गाडी रुसती."

मी सगळं टेम्पोत भरलं. निघताना अण्णांनी ही पुडी माझ्या खिशात घातली. "पेडलमागचा स्विच. लय जण हाच विसरतात, म्हणून येगळा बांधलाय."

"अण्णा, मी काय आज पाना धरला का?" मी म्हणालो.

अण्णा हसले नाहीत.

तीन दिवस काम चाललं. जुना गिअरबॉक्स उतरवला, त्या तेलाच्या डब्याच्या जागी फ्लायव्हीलचं जड चाक बसवलं, क्लच बसवला. क्लचच्या पेडलला जागा व्हावी म्हणून ब्रेकचं रुंद पेडल काढून अरुंद बसवलं. सगळं झालं आणि गाडी स्टार्ट होईना. किल्ली फिरवली की टक्सुद्धा नाही.

कारण साधं होतं. ऑटोमॅटिक गाडी पार्किंगच्या P मध्ये किंवा न्यूट्रलमध्ये असल्याशिवाय स्टार्टर फिरूच देत नाही. ते सांगणाऱ्या वायरी जुन्या गिअरबॉक्सबरोबर उघड्या पडल्या होत्या. त्या आता अण्णांच्या स्विचला जोडायच्या, म्हणजे क्लच पूर्ण दाबल्याशिवाय गाडी चालू होणार नाही. पण स्विच बसायची पट्टी वाकली होती. ती ठोकून सरळ करायला हवी होती. शौकत मिरजेत जेवणावळी झोडत होता. मला इंजिनचा आवाज ऐकायची घाई. म्हणून दोन वायरी एकमेकींना पिळल्या, टेप मारला. गाडी पहिल्या किल्लीला सुरू झाली आणि मी खूश होऊन ती पट्टी विसरलो.

तसं बघितलं तर हे फार मोठं नाही. जुन्या गाड्यांना असला स्विच नसायचाच. गिअरमध्ये स्टार्ट केली तर उडी मारायची, माणूस शिवी घालायचा आणि शिकायचा.

पण संपतची एक सवय होती. गाडी घेतल्यावर पहिल्यांदा मला दाखवायला आणली तेव्हाच मी बघितली होती. गाडीत बसायच्या आधी तो खिडकीतनं हात घालून किल्ली फिरवायचा, एसी लावायचा आणि फडकं घेऊन काचा पुसत बसायचा. "पाव्हणं बसायच्या आत गाडी गार पायजे," म्हणायचा. P मध्ये उभी असलेली ऑटोमॅटिक हे मुकाट सहन करते. तीन वर्षांत ती सवय त्याच्या हाडात गेलेली.

आणि ह्या सगळ्यावर मी माझ्या हातानं फोडणी दिली होती.

गाडी न्यायला संपत आला, तेव्हा त्याची आई बरोबर होती. साताऱ्यात तिचे डोळे तपासायचे होते. सत्तरीची, सुरकुतलेली, ताठ बाई. मी संपतला समजावत होतो.

"आता P न्हाई, ध्यानात ठेव. गाडी उभी केली की पैल्या गिअरात टाकायची. हँडब्रेक?"

"आमच्याकडं हँडब्रेक कोण लावतंय मेजर? पावसाळ्यात लावला की चाकं धरून बसत्यात. सवयच न्हाई."

हे खरं आहे. महाबळेश्वरच्या पावसात हँडब्रेक ओढून ठेवलेली गाडी दोन दिवसांनी जागची हलत नाही. तिकडं सगळे चाकाला दगड लावतात.

म्हातारीनं मागच्या सीटवरनं विचारलं, "मग चाकाला धोंडा लावायचा का न्हाई?"

मी हसलो. माझं ते हसणं अजून माझ्या कानात आहे. "आजी, गिअरात टाकली की इंजिनच धोंडा. आता दगडबिगड विसरा. आमी फौजेत हिमालयात गाड्या लावल्यात."

गाडी गेली.

म्हणजे बघा. गाडी पहिल्या गिअरमध्ये लावायला मीच सांगितलं. दगड विसरायला मीच सांगितलं. आणि गिअरमध्ये स्टार्ट होऊ नये म्हणून जो एक स्विच असतो, तो माझ्या ट्रेमध्ये.

स्विच आणि पक्कड खिशात टाकून निघालो. मोटारसायकल किती जोरात हाणली ते सांगत नाही, माझी नातवंडं हे वाचतील. मेढ्यात पोचलो. चौकातल्या चहावाल्याला विचारलं, "पांढरी टॅक्सी, मागं म्हातारी बसलेली?"

"मघाच गेली की. म्हातारीनं भजी बांधून नेली."

भजी! म्हणजे घाटात कुठंतरी खायला थांबणार. आणि थांबली की परत स्टार्ट होणार. मला चहावाल्याचाच राग आला. माणूस किती खुळा होतो बघा.

घाट सुरू झाला. प्रत्येक वळणावर आधी दरीकडं नजर जायची, मग रस्त्याकडं. स्वतःला शिव्या देत होतो. मराठीतल्या संपल्या की फौजेतल्या हिंदीतल्या. अठरा वर्षं नोकरीत एक गाडी माझ्या हातनं अर्धवट बाहेर पडली नव्हती. आणि पडली ती ह्या गरिबाची.

पाचसहा वळणं गेली आणि गाडी दिसली.

रस्त्याच्या कडेला थोडी मोकळी उताराची जागा होती. गाडीचं तोंड दरीकडं. पुढं गुडघाभर उंचीचा कठडा आणि कठड्यावर म्हातारी बसलेली. गाडीकडं तोंड, दरीकडं पाठ. मांडीवर भज्यांचा कागद. बंपर आणि तिचे गुडघे यांच्यात एक पाऊल टाकावं एवढी जागा. आणि संपत हात पुसत ड्रायव्हरच्या खिडकीकडं चाललेला.

"संपत! हात लावू नको!" मी बोंबललो. हॉर्न दाबून धरला.

त्यानं ओळखीचा हॉर्न समजून एक हात वर केला. दुसरा हात खिडकीतनं आत गेला.

गाडीनं उडी मारली. खाडकन आवाज झाला. मी मोटारसायकल कुठं टाकली मला आठवत नाही, मी पळत होतो एवढं आठवतं. पळताना डोळे मिटले होते. असं माझं कधी झालं नव्हतं.

उघडले तेव्हा गाडी बंद पडली होती. बंपर म्हातारीच्या गुडघ्यांपासून वीतभर. भजी तिच्या पायाशी सांडलेली. ती तशीच बसून होती.

पुढच्या चाकाखाली एक मोठा काळा धोंडा होता. चाक त्याच्यावर अर्धं चढून थांबलं होतं.

"कुणी लावला?" माझ्या तोंडातनं कसंबसं निघालं.

"म्या," म्हातारी म्हणाली. "दरीकडं तोंड हाय गाडीचं. तुमचं इंजिन धोंडा आसंल, पर मला दिसत न्हाई ते. ह्यो दिसतो."

संपतचा चेहरा पांढरा पडला होता. त्याला वाटलं, चूक त्याची. "मेजर, म्या काय केलं? गाडी कशी..."

क्षणभर माझ्या मनात आलं की तसंच वाटू द्यावं. खोटं कशाला सांगू, आलं. मग खिशातनं स्विच काढून त्याच्या तळहातावर ठेवला.

"हे गाडीत पायजे होतं. हे माझ्या टेबलावर राहिलं. तुझी चूक न्हाई, माझी हाय."

स्विच काय करतो ते त्याला समजावून सांगितलं. तो ऐकत गेला आणि त्याचे कान लाल होत गेले.

"माझी आय समोर बसली होती, मेजर."

"व्हय."

"आन् तुमी म्हनला, दगड इसरा."

"व्हय."

तो मारेल असं वाटलं. मारलं असतं तर मला बरं वाटलं असतं. पण तो कठड्यापाशी गेला, आईशेजारी बसला आणि तोंड झाकून रडायला लागला. म्हातारीनं त्याच्या पाठीवर हात फिरवला आणि माझ्याकडं बघून म्हणाली, "हुबं काय ऱ्हायलाय? बसवा की आता ते तुमचं."

तिथंच, घाटात, डॅशबोर्डखाली डोकं घालून मी पट्टी सरळ केली, पिळलेल्या वायरी सोडवल्या आणि स्विच बसवला. पाच मिनिटांचं काम. प्रत्येक जोड दोनदा ओढून बघितला म्हणून अर्धा तास लागला. मग संपतला सांगितलं, आता गिअरात ठेव आणि बाहेरनं किल्ली फिरव. तो तयार होईना. मी म्हातारीला बाजूला घेतलं, स्वतः गाडीपुढं, ती बसली होती तिथं बसलो आणि म्हणालो, "फिरव."

त्यानं फिरवली. टक्सुद्धा वाजलं नाही.

संपतचा सीझन चांगला गेला. गाडी अजून चालते, सर्व्हिसिंगला तो माझ्याकडंच येतो. पण मी हात पुसून "झालं" म्हणालो की तो आधी माझ्या ट्रेमध्ये डोकावतो, मग पेडल दाबून बघतो. मला राग येत नाही. म्हणजे येतो, पण गिळतो.

नेमूअण्णांना फोन करून सगळं सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "पुडीवर नाव लिवायला पायजे हुतं मी." त्या दिवसापासून त्यांच्या पुड्यांवर गाडीचा नंबर असतो.

मूळचा मी कवठे महांकाळकडचा. माझे वडील मेंढरं घेऊन मुलूखभर फिरायचे. मुक्काम हलवताना आधी मेंढरं मोजायचे, मगच पाऊल उचलायचे. फौजेतही आम्ही काम संपलं की पाने मोजायचो. म्हणजे मोजायची शिकवण मला दोन्हीकडनं होती. मी त्या दिवशीही पाने मोजले होते, सगळे भरले. गाडीतनं काय उरलं ते मोजलं नाही.

आता ट्रे रिकामा झाल्याशिवाय गाडी फाटकाबाहेर जात नाही. आणि माझ्या गॅरेजात उभ्या असलेल्या प्रत्येक गाडीच्या चाकाला दगड असतो. गिऱ्हाईक हसतं, "मेजर, गिअरात हाय की गाडी!"

हसू दे. मीही हसलो होतो.