उमरावांचे सुळे

नाटक कंपनीत त्यांना सगळे उमराव म्हणत. शवपेटीतून उठून माणसांचं रक्त पिणाऱ्या एका उमरावाचं काम ते ऐन तारुण्यापासून करत आले होते आणि केस पिकले तरी त्या कामाला दुसऱ्या कुणाचा हात लागू दिला नव्हता. एरवी माणूस साधा. मांजराला भ्यायचा, सर्दीला भ्यायचा. घमेंड एकाच गोष्टीची, की आपल्यासमोर कुणी कधी हसलेलं नाही. एकदा पहिल्या रांगेतली एक बाई त्यांचं एक वाक्य ऐकून बेशुद्ध पडली होती. ही हकिकत ते इतक्यांदा सांगत, की ती बाई पडायच्या आतच रंगपटातली माणसं उठून जात.

घरीही तोच तोरा. जिना चढताना मुद्दाम थांबून नाटकातले सुळे दाखवत, आणि शेजारची पोरं धडाधड दारं लावून घेत.

"लेकरांना घाबरवून काय मिळतं हो तुम्हाला?" बायको विचारी. ती कंपनीचे कपडे शिवायची.

"मान मिळतो," ते म्हणत.

द्वारपालाचं काम करणारा लुकडा नट एकदा शवपेटीजवळ शिंकला. पडदा पडल्यावर उमरावांनी सगळ्यांदेखत त्याच्या थोबाडीत ठेवून दिली. भीती मोडायची नाही, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

सुळे ते मेणाने चिकटवत. वय झालं तशा दातांतल्या फटी वाढल्या आणि मेण नीट धरेना. व्हायचं तेच झालं. दुसऱ्या अंकात नायिकेच्या मानेला तोंड लावताना डावा सुळा सुटला आणि थेट तिच्या झग्यात गेला. "अगं बाई, काय गार आहे!" ती किंचाळली. कोपऱ्यात कुणीतरी फिसकन हसलं. उमरावांनी डोळे वटारून त्याच्याकडे पाहिलं, तोंड वासलं, तर उजवाही पडला. मग मात्र लोक खुर्च्यांतून खाली गडगडायचेच बाकी राहिले.

मालक रंगपटात आले. "उमराव, आपलं नाटक भीतीचं. पुन्हा असं हसं झालं तर काम द्वारपालाला देईन."

त्या लुकड्याला! उमरावांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दुसऱ्या दिवशी ते दातांच्या डॉक्टरकडे जाऊन बसले. वरचे सगळे दात काढायचे आणि सुळ्यांसकट कवळी बसवायची, हलता कामा नये अशी.

डॉक्टर म्हणाला, "अहो, दात चांगले धडधाकट आहेत."

"काढा."

बायको रडली, भांडली. "पुन्हा यायचे नाहीत हो ते!"

"अगं, कामच गेलं तर दात दाखवू कुणाला?"

दात निघाले. हिरड्या भरून येईपर्यंत उमराव घरात पडून होते. जन्मभर लाल सरबत ओठांवरून ओघळवणारा माणूस आता स्वतःचं रक्त आवंढ्याबरोबर गिळत होता. पण मन खुशीत होतं. आरशात नवी कवळी पाहिली आणि स्वतःच दचकले.

कंपनीत गेले ते ताठ मानेने. तिकिटाच्या खिडकीवर ही गर्दी! उमरावांची छाती फुगली. मालकांपुढे त्यांनी जबडा उघडला, सुळ्यांवर नखाने टकटक वाजवून दाखवलं. "दगड आहेत, दगड. आता पडायची भीती नाही."

मालकांचा चेहरा पडला. "अहो, मग कसं व्हायचं?"

"म्हणजे?"

"तुमच्या त्या दाताचा गावभर बोभाटा झाला. लोक खिडकीवर विचारतात, दात पडतो तेच ना हे नाटक? तुमच्या जागी द्वारपाल रोज दात पाडतो, रोज हाऊसफुल्ल. तुम्ही परत येताय म्हणून आज तर जास्तच गर्दी आहे." मालकांनी त्यांच्या तोंडात वाकून पाहिलं. "अख्खी कवळी निघते?"

उमरावांनी जबडा मिटून घेतला.

"निघते की नाही? नाहीतर द्वारपाल आहेच."

द्वारपाल दारातच उभा होता. गालावरून हात फिरवत होता.

"निघते," उमराव म्हणाले.

त्या प्रयोगात त्यांनी नायिकेला मिठीत घेतलं आणि जिभेने कवळी ढकलली. ती तिच्या ओंजळीत पडली. ओठ आत गेले, गाल बसले, आणि ज्या वाक्याला एकेकाळी बाई बेशुद्ध पडली होती, ते वाक्य बोळक्या तोंडातून फसफसत बाहेर आलं. नाट्यगृह कोसळलं. विंगेत उभी बायको पदराने डोळे पुसत होती. उमरावांना वाटलं, आपल्यासाठी रडतेय. जवळ गेल्यावर दिसलं, तिला हसू आवरत नव्हतं.

घरी परतताना जिन्यात पोरं बसली होती. आज एकही दार लागलं नाही. उमराव पायरीवर थांबले. आयुष्यभराचं सगळं बळ एकवटून त्यांनी डोळे फाडले, सुळे विचकले, घशातून गुरगुर काढली.

सगळ्यांत धाकटी पोरगी उठली, दोन पायऱ्या खाली आली, आणि त्यांच्या हनुवटीखाली ओंजळ धरून वाट पाहत उभी राहिली.