मोरीच्या तोंडावरचा ससा

बहरीनमध्ये दक्षिणेकडे जाणारा रस्ता रुंद करत होतो तेव्हाची, नव्वदीच्या दशकातली गोष्ट. मी कंत्राटदाराकडे साइट इंजिनिअर होतो. रस्ता ओलांडताना ससे, हेजहॉग गाड्यांखाली येत, म्हणून रस्ते खात्याच्या बहरीनी साहेबांनी रस्त्याखालून त्यांच्यासाठी एक कोरडी मोरी घालून घेतली. दोन्ही बाजूंना कमरेएवढी भिंत. जनावर भिंतीच्या कडेकडेने मोरीपाशी येईल आणि सुखरूप पलीकडे जाईल, असा हिशोब. भिंतीच्या रस्त्याकडच्या अंगावर शाळेच्या मुलांनी वाळवंटातले प्राणी रंगवायचे, हेही त्यांच्याच डोक्यातलं. चित्रं बघून तरी लोक ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलतील.

त्यांची अट एकच होती. "मोरीच्या तोंडाशी रंग लावायचा नाही. तिथे माणसाचा वावर नको."

ईसा टाउनहून शाळेची बस आली. माझी मुलगी पाचवीत होती, सगळं सावकाश करणारी. तिचे रंग कालवून होईपर्यंत भिंत भरून गेली. बायको मुलांना सरबत द्यायला आली होती. ती म्हणाली, "अहो, साइट तुमची आणि आपल्याच पोरीला जागा नाही?"

मी मुलीला खाली उतरवलं आणि मोरीच्या तोंडावरचं कोरं काँक्रीट दाखवलं. "इथे काढ." अट तिला सांगितली नाही. तिने ससा काढला, पुढचे पाय मोरीबाहेर टाकलेला. सुरेख होता.

मग शुक्रवारी आपली मंडळी चित्रं बघायला येऊ लागली. शहरातल्या गुदैबिया, झिंज वस्त्यांमधली कुटुंबं, डबे, थर्मास, चादरी घेऊन. भिंतीवरची चित्रं गाडीतूनच बघून व्हायची, फोटो मात्र सशापाशी. पोरं मोरीत शिरून आरोळ्या ठोकायची. रत्नागिरीकडचे एक चाचा म्हणाले, "साहेब, ही जनावरांसाठी केलीत की आमच्या पोरांसाठी?" मीही हसलो.

मोरीतल्या वाळूवर आधी पावलं उमटलेली दिसायची. ती दिसेनाशी झाली आणि रस्त्यावर पुन्हा मेलेले ससे मिळू लागले. साहेब मला मोरीपाशी घेऊन गेले.

"हे कुणी केलं?"

"मुलं ऐकत नाहीत, सर."

"खलास. पुसून टाका."

मी सशावर वाळूच्या रंगाचा हात मारून घेतला. गाड्या थांबायच्या जागी मोठे दगड टाकले. रंगाचा वास उडाल्यावर पावलं परत दिसायला लागली.

मुलीने विचारलं, "बाबा, व्हाय ओन्ली माइन?"

"साहेबांना आवडला नाही," मी म्हणालो. ती रडली नाही. पण त्यानंतर घरात तिने कधी ब्रश हातात घेतला नाही. मला ते दिसत होतं.

गेल्या महिन्यात पुण्याला तिच्या नव्या फ्लॅटचा रंग ठरवायला शेड कार्ड घेऊन बसलो. ती म्हणाली, "तुम्हीच सांगा, मला यातलं काही कळत नाही." तेव्हा मात्र राहवलं नाही. जागा मी दिली, अट मी लपवली, ससा चांगला होता, सगळं सांगून टाकलं.

तिने विचारलं, "आणि साहेबांना तुम्ही माझं नाव सांगितलंत?"

"नाही गं. मुलं म्हणालो नुसतं."

"म्हणजे मीच की," ती म्हणाली, आणि माझ्या हातातलं शेड कार्ड काढून घेतलं.