हळदीकुंकू लावलेला कॉम्प्युटर

अकोल्यातली ती चौकशी अजून माझ्या मनातून गेलेली नाही. तसा त्यात गुन्हाही दाखल झाला नाही. पण माझ्या हातून एका मुलीचं नुकसान होता होता राहिलं, म्हणून लिहितो. कॉम्प्युटरमधलं मला आजही फारसं कळत नाही. सांगण्यात काही चुकलं तर जाणकारांनी सांभाळून घ्यावं.

दिवाळी जवळ आली होती. सकाळची हजेरी आटोपली, तोच एमआयडीसीतल्या एका बियाणे कंपनीचे मालक लेखी अर्ज घेऊन आमच्या पोलीस ठाण्यात आले. त्यांनी अमरावतीच्या एका प्रोग्रामरकडून खास आपल्यापुरतं सॉफ्टवेअर करून घेतलं होतं. बियाण्याच्या उगवणीचे अहवाल त्यातून विक्रेत्यांना ई-मेलनं आपोआप जात. आता काही दिवसांपासून स्क्रीनवर इशारा येत होता: एक प्रोग्राम तुमच्या नावाने ई-मेल पाठवत आहे, परवानगी द्यायची का?

"आन ते पोरगी रोज 'हो' दाबून राहिली, साहेब," मालक म्हणाले. "माह्या विक्रेत्यांची यादी बाहेर चालली. तिच्यावर गुन्हा दाखल करा."

ही मुलगी त्यांची ऑपरेटर. मूळची हिवरखेडची, अकोल्यात खोली करून राहणारी, घरातली पहिली पदवीधर. तलाठी म्हणून तिची निवड झाली होती आणि चारित्र्य पडताळणीचा कागद नेमका आमच्याच ठाण्यात आला होता. तिला काही विचारण्याआधीच मी हवालदाराला सांगितलं, "तो कागद थांबवा."

महिला शिपायासमोर तिची विचारपूस केली.

"काहून दाबत होतीस 'हो'?"

"'नाही' दाबलं का अहवाल जात नाई, साहेब. मंग शेठ बोलतात. मी त्याईले दोनदा दाखवलं. ते म्हणे, तू आपलं काम कर."

आवाज अजिबात कापत नव्हता. पाठ करून आल्यासारखा वाटला, त्यामुळे माझा संशय वाढलाच. उठताना तिनं विचारलं, "साहेब, माह्या पडताळणीचं काय होईन?" मी समोरची फाइल उघडली.

दुसऱ्या दिवशी प्रोग्रामरला अमरावतीहून बोलावलं. तो मात्र घाबरण्याऐवजी हसला. "साहेब, मले चोरीच करायची असती तर विचारून काहून केली असती?" मग त्यानं समजावलं. त्याचा प्रोग्राम फक्त पत्र तयार करतो, पाठवतो तो कॉम्प्युटरमधला ई-मेलचा प्रोग्राम. मशीनवर अँटिव्हायरस चालू असला तर तो ई-मेल मुकाट्यानं पाठवतो. नसला तर दरवेळी परवानगी विचारतो.

"आमच्याकडे हाये ना अँटिव्हायरस!" मालक ठासून म्हणाले.

आम्ही सगळे ऑफिसात गेलो. अँटिव्हायरस नव्हता. तो कोणी काढला? सगळ्यांनी त्या मुलीकडे पाहिलं. खरं सांगायचं तर मीही पाहिलं.

"इशारा पहिल्यांदा कधी आला?" मी तिला विचारलं.

"दसऱ्याची सुट्टी झाली, त्याच्या दुसऱ्याच दिवशी."

म्हणजे त्याआधी ऑफिस उघडं होतं ते खंडेनवमीला, यंत्रांच्या पूजेच्या दिवशी. त्या दिवशी ऑफिसात कोण कोण होतं, हे दाखवायला मालकांनी मोबाइलमधले पूजेचे फोटो उघडले. वजनकाटा, प्रिंटर, कॉम्प्युटर, सगळ्यांना झेंडूचे हार. कॉम्प्युटरला हळदीकुंकू. आणि स्क्रीनच्या मधोमध लाल अक्षरं: तुमच्या संरक्षणाची मुदत संपली आहे.

मी मोबाइल त्यांच्यापुढे धरला.

"आरती चालू होती, साहेब," ते हळूच म्हणाले. "ते लाल अक्षर हटेच ना. घरची म्हणे, सणाच्या दिवशी अपशकुन. म्या तवाच तो अँटिव्हायरस काढून टाकला. ध्यानातच नाई राह्यलं."

प्रोग्रामरनं नवा अँटिव्हायरस बसवला, इशारा थांबला. मी तो काढायला लावला. इशारा परत आला. दोन पंचांसमोर असं दोनदा करून पाहिलं. गेलेले सगळे ई-मेलही तपासले. एकही विक्रेत्यांखेरीज दुसऱ्या पत्त्यावर गेला नव्हता.

"चला, भूत घरचंच निघालं!" मालक हसले. प्रोग्रामरही हसला. मुलगी हसली नाही. "साहेब, माहा कागद?" एवढंच म्हणाली.

ठाण्यात येऊन मी तो कागद बाहेर काढला. समासात माझ्याच अक्षरात पेन्सिलीनं लिहिलं होतं, 'संशयित'. रबरानं खोडलं, तरी अक्षरं उमटून दिसत होती. मग नवा नमुना मागवून तो सबंध पुन्हा भरला आणि संध्याकाळच्या टपालाची वाट न पाहता स्वतः अधीक्षक कार्यालयात नेऊन दिला.

पुढे ती तलाठी झाली. मी निवृत्त झालो. पण एक गोष्ट अजून खुपते. ते यंत्र काही करण्याआधी दरवेळी निदान विचारत तरी होतं. मी तिचा कागद थांबवताना तिला एकदाही विचारलं नव्हतं.