साखरशेतात पुरा झालेला अंतरा

वार्ताहराला एक सवय लागते — दोन माणसांनी वेगवेगळे सांगितल्याशिवाय गोष्ट छापायची नाही. भुताखेतांच्या हकिकती मी याच कारणाने आजवर परत पाठवत आलो. पुढची हकिकत मात्र माझी स्वतःची आहे, आणि तिला बारा साक्षीदार आहेत.

सदूमास्तर जाऊन सहा वर्षे झाली. बोलपट पाहणाऱ्यांना त्यांची ओळख करून द्यायला नको. पाच-सहा स्वरांत ते चाल बांधत, आणि ज्याला गाता येत नाही तोही ती गाई. त्यांचे बालपण जव्हारला गेले. वडील संस्थानच्या जंगल खात्यात कारकून होते. मुंबईत नाव झाल्यावरही नवी चाल तयार झाली की ते जव्हारजवळच्या साखरशेत गावी येत आणि काम चालू असलेल्या शेताच्या बांधावर पेटी घेऊन बसत. बायकांचे हात चालीबरोबर चालत राहिले तर चाल ठेवायची. ऐकण्यासाठी हात थांबले तर टाकून द्यायची. "थांबून ऐकायची ती गवयाची चाल. माझी माणसं कामात असतात," असे ते म्हणत. एवढ्या मोठ्या कलावंताने आपली परीक्षा या बायकांच्या हातात द्यावी, याचे मला आजही नवल वाटते.

शेवटचे गाणे त्यांनी मुंबईच्या इस्पितळात खाटेवर बांधले. ध्रुवपद तेवढे झाले. नाटक कंपनीच्या दिवसांपासून त्यांना पेटीची साथ करणाऱ्या अंताजीने ते वहीत उतरवले. अंतऱ्याची जागा कोरी राहिली.

गेल्या वर्षी एका चित्रपट कंपनीने ते गाणे मागितले. अंतरा अंताजीने करायचा, नाव मास्तरांचे जाणार. त्याने दोन अंतरे बांधले आणि माझ्याकडे आला.

"चूक माझी आणि नाव त्यांचं, असं व्हायला नको," तो म्हणाला. "साखरशेतला चला माझ्याबरोबर. तिथं चाललं तर देईन. नाही तर ही वही माझ्याबरोबर सरणावर जाईल."

मला मास्तरांवर स्मृतिलेख लिहायचा होताच. मी गेलो.

कार्तिकातली दुपार, साडेतीनचा सुमार. उतारावरच्या शेतात अकरा बाया नागली कापत होत्या. त्यांत वयाने मोठी सोनीबाय. मास्तरांना ती लहानपणापासून ओळखत होती. अंताजी बांधावर बसला आणि ध्रुवपदानंतर पहिला अंतरा वाजवला. सगळ्या विळे धरून उभ्या राहिल्या.

"ही जेवन झाल्यावरची चाल हाय, भाऊ," सोनीबाय म्हणाली. "उभ्या पिकात नको."

दुसऱ्या अंतऱ्याला एक तरणी बाई हसायलाच लागली. "या चालीवर विळा मारला तर बोट जाईल माझा."

"तुजा नवरा काय म्हनंल मग?" कोणीतरी विचारले.

"म्हनंल, आता नऊ बोटांनी भाकर थाप."

हशा झाला. अंताजी हसला नाही. त्याने परत नुसते ध्रुवपद वाजवले — माझ्या मते निरोप म्हणून — भाता मिटला, खिटी लावली आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले. मी त्याच्यापासून दोन हातांवर होतो. खिटी लागलेली मी पाहिली.

बायांचे हात थांबले नाहीत. ध्रुवपद संपले तिथून त्यांनी पुढची ओळ उचलली... अकरा जणींनी, एकाच श्वासात. शब्द त्यांचे नेहमीचेच होते, डोंगराचे आणि माहेराचे. चाल नवी होती. वर चढली, एका स्वरावर क्षणभर टेकली आणि अलगद ध्रुवपदावर उतरली. विळे एकदाही चुकले नाहीत. मला संगीतातले फार कळत नाही, पण ती उतरण्याची तऱ्हा मास्तरांचीच, हे कोणालाही कळले असते. अंताजीने वही काढली. एकही स्वर न सोडता त्याने अंतरा कोऱ्या जागेत उतरवला.

"हे कधी शिकलात?" मी सोनीबायला विचारले.

"आता. भाऊंनी वाजवला ना."

"त्यांनी पेटी बंद केली होती, बाय."

ती माझ्याकडे पाहत राहिली. "मग आमी काय पेटी नसता गायलो? वाजत होती की."

मी प्रत्येकीला वेगवेगळे बाजूला घेऊन विचारले. अकराही जणींनी पेटी ऐकली होती. अंताजीने आणि मी फक्त त्यांचा आवाज ऐकला. मास्तरांनी पूर्वी शिकवले असेल म्हणावे, तर चाल बांधली गेली इस्पितळात आणि तिथून ते परत आले नाहीत. शिवाय तिघी जणी जामसरहून नुकत्याच लग्न होऊन आलेल्या. मास्तर त्यांनी पाहिलेलेही नव्हते.

मुंबईला अंताजीने कवीच्या ओळी त्या अंतऱ्यावर बसवल्या. एक अक्षरही ओढावे लागले नाही. गाणे गेले, मास्तरांच्या नावाने. अंताजीने आपले नाव साथीलाही घालू दिले नाही.

रेकॉर्ड निघाल्यावर जव्हारमधल्या एका स्नेह्यांचा फोनो मागून मी तो साखरशेतला नेला. बाया खळ्यावर नागली पाखडत होत्या. अंतरा आला, गेला. सुपे चालतच होती. संपल्यावर मी सोनीबायला विचारले, कसे वाटले?

"गानं बरोबर हाय," ती सूप न थांबवता म्हणाली. "पेटी त्या दिवशी जास्त गोड होती."

या रेकॉर्डवर पेटी अंताजीची आहे. त्या दिवशी कोणाची होती, याचा तपास मी अजून लावू शकलेलो नाही.