बंद पडलेल्या पुरस्काराचे परीक्षक

पालघरच्या एका वाचनालयातर्फे दरवर्षी ललित निबंधासाठी पुरस्कार दिला जायचा. बोईसरच्या कारखान्यातल्या प्रयोगशाळेत नोकरी करत मी अधूनमधून लिहायचे, तसा एक निबंध तिकडे पाठवला. विषय होता आई. ती मंगळवेढ्याकडची. माझ्याकडे आली तेव्हा तारापूरच्या किनाऱ्यावर तिने जन्मात पहिल्यांदा समुद्र पाहिला. त्यानंतर वर्षभरात ती गेली.

एके दिवशी वाचनालयाच्या चिटणीसांचा फोन आला.

"पहिला क्रमांक तुमचा. पण मॅडम, समारंभ होणार नाही. पुरस्कारच बंद करतोय आम्ही. हल्ली निबंध येतच नाहीत." मग जरा थांबून म्हणाले, "आमच्या परीक्षकांना मात्र तुम्हाला भेटायचंय. जमलं तर जाऊन या."

परीक्षक म्हणजे मासवण गावचे एक निवृत्त मराठीचे सर. रविवारी मी पालघरहून रिक्षा करून गेले. सर पडवीत खुर्चीवर ताठ बसले होते. नमस्कार केला तर त्यांनी आवाजाच्या दिशेने मान वळवली. तेव्हा कळलं, त्यांना दिसत नाही.

"मग माझा निबंध..." मी चाचरले.

"मी वाचून दाखवते ना," आतून पाणी घेऊन आलेली त्यांची सून म्हणाली. "तुमचा दोनदा वाचला. तिसऱ्यांदा वाचाय बसली, तर बाबाच पुढचं बोलाय लागले. आता त्यांना कागद लागत नाय."

सरांनी मला बसायला सांगितलं आणि सरळ सुरुवात केली. माझं पहिलं वाक्य. मग दुसरं. एक शब्द इकडचा तिकडे नाही. हात मांडीवर, आवाज बारीक पण स्वच्छ. मी घाईत लिहून टाकलेली वाक्यंसुद्धा त्यांच्या तोंडी सावकाश, नीट उभी राहत होती. हे मी लिहिलंय यावर माझाच विश्वास बसेना.

आई लाटेत पाय बुडवून उभी राहते, तिथवर ते आले. आणि आईचं वाक्य म्हणाले, "एवढं पाणी... कुणी ओतलं गं हितं?"

आई अगदी असंच म्हणाली होती. 'पाणी'वर थांबली होती, मग माझ्याकडे वळून लहान पोरीसारखं विचारलं होतं. सरांनी तिला कधी पाहिलं नव्हतं, ऐकलं नव्हतं. त्यांच्यापाशी होते फक्त माझे शब्द, तेही सुनेच्या आवाजात पोचलेले. मी डोळे मिटून घेतले.

निबंध संपला.

"चुकलं का कुठे?" सरांनी विचारलं.

"नाही सर."

"पुरस्कार बंद झाला, वाईट झालं. चांगलं ऐकायला मिळायचं." मग खुर्ची माझ्याकडे थोडी सरकवत म्हणाले, "तुम्ही काय उत्तर दिलंत आईला? ते लिहिलेलं नाही."

मी सांगायला लागले. सून चहा घेऊन येता येता उंबऱ्यातच थांबून ऐकत राहिली.