पाणवठ्यावरची सहा शून्यं

सहा दिवस पाणवठ्यावर बसलो. वहीत चिंकाऱ्यापुढे रोज शून्य लिहिलं.

तेव्हा मी वाशीम भागात जंगलखात्याचा रेंजर होतो. दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आधीची गोष्ट. मेडशीजवळचं एक मोठं कुरण मोडून कपाशीला द्यायचं घाटत होतं. डी.एफ.ओ. साहेब, म्हणजे माझे वरिष्ठ, मला म्हणाले, "चिंकारे असतील तर कुरण राखायला सांगतो. नसतील तर नांगर लागेल. आकडा आणा."

मोजायची आमची रीत ठरलेली होती. भर उन्हाळ्यात नाले आटले की एकच डोह उरतो. तिथे पळसाच्या फांद्यांचा आडोसा करायचा आणि येईल ते जनावर टिपायचं. काळवीट आले. रोही आले, म्हणजे नीलगाई. चिंकारा, आपल्याकडचं ते लहानसं तांबूस हरीण, आलं नाही. मी 'चिंकारे नाहीत' असा रिपोर्ट लिहिला, सही केली आणि टपालात टाकला. स्वतःच्या रीतीवर माझा फार विश्वास होता.

आठवड्याने आडोसा मोडायला गेलो. जवळच्या वस्तीतली कासाबाई तिथे शेळ्या चारत होती. तिचा जन्म त्या कुरणात गेलेला.

"काय मोजून राह्यले होते जी साहेब?"

"चिंकारे. पण इथे नाहीत."

"पाण्यावर कायले येतीन ते? या माह्यासंगं."

तिने मला हिवराच्या काटेरी झुडपाखाली नेलं. तिथे लेंड्यांचा ढीग होता. चिंकारा रोज ठरल्या जागी लेंड्या टाकतो. वरच्या लेंड्या ताज्या होत्या, तरी बोटाने फुटेनात, इतक्या कोरड्या. आतलं पाणी ते जनावर वाया जाऊ देत नाही. शेजारी खुरांनी उकरलेला खळगा होता. वरची तापलेली माती काढून खालच्या गार मातीवर ते दुपारभर पडून राहतं. धावत नाही, उगाच धापा टाकत नाही.

"मग पितं काय?" मी विचारलं.

"पाला खाते. पहाटंच्या पाल्यात ओल रायते, तेवढी त्याले पुरते. भेटलं तं पेते पाणी, नाई भेटलं तं नाई. तुमी मले पयलेच काहून नाई इचारलं?"

दुसऱ्या दिवशी उजाडताच तिच्या मागोमाग कुरण पालथं घातलं. अकरा चिंकारे मोजले. त्यांत दोन पाडसं होती. मला आनंद व्हायला हवा होता, पण माझा रिपोर्ट केव्हाच टपालात पडला होता. तसाच साहेबांकडे गेलो.

"तुमचा पहिला आकडा वर गेलाय," साहेब म्हणाले.

"तो चुकला, साहेब."

"सही तुमचीच आहे ना? आता काय लिहू? रेंजरला जनावर कुठे बघायचं ते ठाऊक नाही, असं?"

"तसंच लिहा."

साहेबांनी खरंच तसं लिहिलं. माझी बदनामी झाली, तिचं काही वाटलं नाही. पण वरचा हुकूम आधीच सुटला होता. आमच्या कागदाचं उत्तर येईपर्यंत कुरणात नांगर फिरले. हिवराचं झुडूप मुळासकट निघालं.

मी पाहायला गेलो तेव्हा एक मादी काळ्या ढेकळांत उभी होती, साधारण त्याच जागी. पाडस बरोबर नव्हतं. कासाबाई शेळ्या घेऊन बांधावर थांबली होती.

"आता कुठी जातीन जी हे?" तिने विचारलं.

पुढल्या उन्हाळ्यात तिथे एकही चिंकारा नव्हता. या वेळी मी सगळीकडे शोधलं होतं.

नोकरीची उरलेली सगळी वर्षं मी रिपोर्टात 'जनावर नाही' असं लिहिलं नाही. 'मला दिसलं नाही' असं लिहीत आलो, आणि खाली कुठे बसून पाहिलं तेही. वैशाखाच्या उन्हाने जे मेले नाहीत, ते माझ्या सहा शून्यांनी गेले.