आईच्या मुठीतला खाजणकर

या ग्रुपवर मी बरीच वर्षं फक्त वाचते, आणि खरं सांगायचं तर हसायला वाचते. पांढरी साडी, उलटे पाय, पिंपळाखालची बाई... मी अलिबागच्या एका लॅबमध्ये रक्त तपासते. 'बाहेरचं लागलंय' म्हणून आणलेल्या निम्म्या बायकांचं हिमोग्लोबिन कमी असतं, एवढंच. तेव्हा मी भोळी नाही हे आधी मान्य करा, आणि मग पुढे वाचा.

आमचं घर चौलजवळ, मुख्य रस्ता सोडून आत. पुढे पडवी, मागे नारळ-सुपारी, थोडी भातशेती. बाबा आम्ही शाळेत असतानाच गेले. घरात आई, मी आणि माझा धाकटा भाऊ निखिल. निखिल पनवेलला हॉस्टेलवर शिकायला गेला आणि डिग्रीसोबत एक खूळ घेऊन आला — टेबलावर खेळायचा रोल-प्लेइंग गेम. माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते. एक जण गोष्ट सांगतो, त्याला मास्टर म्हणायचं. बाकीचे त्या गोष्टीतलं एकेक पात्र होतात, आणि पात्राचं जमलं की फसलं ते फासे ठरवतात. गोष्टीत ऑर्क, गॉब्लिन, एल्फ अशी सगळी परदेशी भुता-राक्षसांची मंडळी. आमचा मास्टर म्हणजे निखिलचा शाळेपासूनचा मित्र सुजय. रविवारी जेवणं झाली की आम्ही तिघं पडवीत बसायचो.

आई चहा ठेवता ठेवता टोमणा मारायची, "आपल्याकडं गिऱ्हा, खवीस, हडळी कमी हायत का, म्हणून ही इंग्लिश भुतं आणलीत?"

निखिलने ते मनावर घेतलं. पुस्तकातलं एकही पात्र न घेता त्याने स्वतःचीच एक जमात काढली — खाजणकर. खाजण म्हणजे आमच्या खाडीकाठचा तिवरांचा चिखल. तिथे राहणारी, बुटकी, चिखलाच्याच रंगाची, खेकड्यांशी गप्पा मारणारी ही जमात. मी म्हटलं, "अरे, हे तर आडनाव वाटतं." तर म्हणतो, "आहेच. ऑर्कांना आडनाव नसतं, म्हणून ते एवढे चिडके." त्याच्या खाजणकराचं नाव गाळ्या. खाडीच्या मातीतून त्याची बोटभर मूर्ती करून निखिलने ती चुलीत भाजली. एक कान मोठा झाला. आईने तेवढ्यावरून त्याला आठवडाभर चिडवलं.

पुढे निखिल समुद्रातून माल वाहणाऱ्या एका बार्जवर कामाला लागला. पावसाळा संपता संपता एके पहाटे तो बार्जवरून पाण्यात पडला. कसा, ते कुणी पाहिलं नाही. कोळ्यांनी होड्या घातल्या, गावातल्या पोरांनी पार मुरुडपर्यंत किनारा पालथा घातला. तो सापडला नाही.



देह मिळाला नाही तर आमच्याकडे पालाशविधी करतात. पळसाच्या पानांचा माणूस करायचा आणि त्याला अग्नी द्यायचा. काकांनी समजावलं, भटजींनी समजावलं. आईचं एकच — "पानांचा बाहुला जाळू नि माझा पोर मेला म्हणू? न्हाय म्हणायची मी." रोज ती त्याचं ताट वाढायची, झाकून ठेवायची, आणि सकाळी ते गाईला घालायची. स्वतः मात्र दोन घास कसेबसे. साडी अंगावर राहीना. तिचे रिपोर्ट माझ्याच हातात यायचे. एक गेला, आता ही चालली, हे मला कागदावर दिसत होतं आणि मी काही करू शकत नव्हते. रागही यायचा. मी आहे ना अजून घरात, असं ओरडून सांगावंसं वाटायचं.

होळीनंतर सुजय सहज भेटायला आला. आईने त्याला पाणी दिलं आणि एकदम विचारलं, "त्याचा तो गाळ्या अजून जित्ता हाय ना तुमच्या खेळात?"

सुजय गांगरला. आमच्या टेबलाचा एक नियम होता. खेळणारा आला नाही तर त्याचं पात्र मरत नाही, ते तंबूत झोपलेलं असतं. त्याने तेच सांगितलं, "तंबूत झोपलाय, काकी."

आईने पदराला हात पुसले. "मग उठवा त्याला. मी खेळते."

मला हे अजिबात पटलं नव्हतं. अंगणात नेऊन मी सुजयला झापलं. तो म्हणाला, "ताई, काकींनी इतक्या महिन्यांत स्वतःहून काय मागितलंय, सांग."

तर आमची आई खेळू लागली. आणि काय खेळायची! वाटेत गॉब्लिन आडवा आला की माझं पात्र तलवार काढायचं, आणि ही विचारायची, "ते जेवलंय का?" सुजय म्हणायचा, "काकी, तो राक्षस आहे." आई म्हणायची, "असंल. त्याला आई न्हाय व्हय?" गाळ्याने एका गॉब्लिनला पेज पाजली, दुसऱ्याच्या पायातला काटा काढला. सुजयचे सगळे राक्षस माणसाळले. मी कितीतरी दिवसांनी हसले, आणि आई त्या संध्याकाळी पोटभर जेवली. झाकलेलं ताट मात्र चालूच होतं.

मग तो रविवार आला. वैशाखातली दुपार, पंख्याखालीही घामाच्या धारा. गोष्टीत आम्ही एका खाडीशी पोचलो होतो. सुजय म्हणाला, "काकी, ओहोटी लागलीय. समोर नुसता चिखल. गाळ्या काय करतो?"

आईने मान खाली घातली. मूर्ती तिच्या मुठीत होती. मला वाटलं विचार करतेय. मग लक्षात आलं, ती कुडकुडतेय. मी हात धरला — माठासारखा गार.

"गाळ्या उभा हाय," ती म्हणाली. "चिखलात, गुडघ्यापर्यंत. लई दिस उभा हाय. थंडी वाजते त्याला."

सुजयला वाटलं खेळच चाललाय. "मग तो बाहेर का येत नाही?"

"त्याला यायचं न्हाय, जायचं हाय. थोरल्या कुणी जा म्हटल्याबिगर खाजणकराला जाता येत न्हाय. त्यो ईचारतोय."

"कुणाला?"

"आयेला."

आवाज आईचाच होता, खोटं कशाला सांगू. दिवे गेले नाहीत, कुत्री रडली नाहीत. फक्त सुजयचं तोंड पांढरंफटक पडलं होतं. आईने मूठ उघडली आणि मूर्तीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "जा रे बाबा. जा. थंडीत नको उभा राहूस."

आमच्या घरात निघणारा 'येतो' म्हणतो आणि घरातलं माणूस 'ये' म्हणतं. 'जा' कुणी म्हणत नाही, ते अशुभ. निखिल कधी घाईत 'जातो' म्हणाला तर आई त्याला पायरीवरून परत बोलवायची, बसवायची, पाणी द्यायची, आणि 'येतो' म्हणवून घेतल्यावरच सोडायची. ती बाई आज स्वतःच्या तोंडाने 'जा' म्हणाली. आणि मग रडली. निखिल गेल्यापासून पहिल्यांदा, शेजारची माणसं धावत येतील इतक्या मोठ्याने.

संध्याकाळी सुजयने मला अंगणात बोलावलं. म्हणाला, खेळात नवी जमात काढली की ती मरते कशी तेही ठरवावं लागतं. निखिलने ते ठरवायचं टाळलं होतं. शेवटी बार्जवरून सुजयला फोन करून सांगितलं — खाजणकर मरत नाहीत, थोरल्याची परवानगी घेऊन चिखलात परत जातात. परवानगी नाही मिळाली तर तसेच उभे राहतात. तो त्यांचा शेवटचा फोन. सुजयने ते कुणालाच सांगितलं नव्हतं. मलासुद्धा नाही. "तुझ्यासाठीच ठेवलं होतं ताई," तो म्हणाला. "पुढे कधीतरी गाळ्या तुझ्या पात्राकडे परवानगी मागणार होता. निखिल म्हणाला होता, ताई ढसाढसा रडेल, बघ."

निखिलने आईला आधीच सांगितलं असेल का? मी विचारलं. आई म्हणते, नाही. आपण थंडीचं काही बोललो हेही तिला आठवत नाही. कुणीतरी विचारलं आणि आपण हो म्हटलं, एवढंच आठवतं. शुगर, बीपी, थायरॉईड, सगळं मी स्वतः तपासलं. नॉर्मल.

त्यानंतर विधी झाला. पळसाची पानं आईने स्वतः निवडली, किडकं एकही घेतलं नाही. चुलतभावाने अग्नी दिला. त्या दिवसापासून ताट वाढणं बंद. आता ती जेवते, झोपते, बाजाराला जाते, माझ्या लग्नावरून डोकं खाते. आई मला परत मिळाली, यात शंका नाही.

योगायोग म्हणा, मनाचे खेळ म्हणा, मी भांडणार नाही. सुजय मधूनमधून विचारतो, गाळ्याला आता गोष्टीतून काढू का? आईने सोडलंय त्याला, नियमाप्रमाणे विषय संपला. पण निखिलने तो प्रश्न माझ्यासाठी ठेवला होता, आणि थोरली मीही आहे. पडवीत एकटी असले की 'जा' म्हणून बघते. शब्द ओठांपर्यंत येतो... आणि तोंडातून 'ये'च निघतं.